चूक परवडेल असे भांडे

एकदा एक जावई आपल्या सासऱ्यांसाठी घरी बिअर करायला निघाला.

त्याचे नाव प्रद्युम्न. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहानशा शहरात तो घरांचे नकाशे काढून देत असे. हात नेटका, स्वभाव सरळ, संसार सुखाचा. मनात शल्य मात्र एक होते. त्याचे सासरे जंगलखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले, विलक्षण अबोल गृहस्थ. लग्नाला इतकी वर्षे लोटली, तरी जावयाशी त्यांचे बोलणे ‘गाडी वेळेवर होती’ आणि ‘ऊन फार आहे’ यापलीकडे गेले नव्हते. आपण त्यांना पसंत नाही, असे प्रद्युम्नाच्या मनाने घेतले होते. संध्याकाळी ग्लासभर थंड बिअर, एवढाच काय तो त्यांचा शौक. तेव्हा उन्हाळ्यात ते राहायला येतील, त्या वेळी स्वतःच्या हातची बिअर त्यांच्यापुढे ठेवायची, असे त्याने ठरवले.

त्याच्याच गल्लीत तात्या राहत. बिअरच्या कारखान्यात हौदांवर देखरेख करण्यात त्यांची हयात गेली होती. आता वय झाले होते. पण कुणी विद्या मागायला आला, तर ते रिकाम्या हाती परत पाठवत नसत.

“शिकवतो की,” तात्या म्हणाले. “फक्त सामान मी सांगेन ते घ्यायचं.”

दोघे बाजारात गेले. दुकानदाराने प्रद्युम्नाची नजर ओळखली आणि थेट स्टीलचे एक पिंप पुढे ओढले. खाली नळ, वर काटा फिरणारी तबकडी, झाकणाला चार चाप. “साहेब, हौस करायची तर अशी करावी. एकदा घेतलंत की जन्माची ददात मिटली!” प्रद्युम्नाने पिंपावरून हात फिरवला. त्या झळाळीत त्याला स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो त्याला बराच रुबाबदार वाटला.

तात्या मात्र कोपऱ्यात उकिडवे बसून बादल्यांचे वास घेत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एक पांढरी, घट्ट झाकणाची, खाण्याचे पदार्थ ठेवायची बादली निवडली आणि ती आतून बोटांनी चाचपली. “ओरखडा नको. ओरखड्यात घाण दडून बसते.” मग एक लांब नळी, एक तापमापक, आणि आतला वायू बाहेर सोडून बाहेरची हवा आत न येऊ देणारे, झाकणात बसवायचे एक छोटे बूच. “झालं. मोठं पातेलं तुझ्या घरी असेलच.”

“एवढंच?” प्रद्युम्नाचा चेहरा उतरला. “तात्या, सासऱ्यांना मी बादलीतली बिअर पाजू?”

“त्यांना ग्लासातून दे,” तात्या म्हणाले. दुकानदारालाही हसू आवरले नाही.

गुरूच्या शब्दाखातर प्रद्युम्नाने बादली घेतली. पण परतताना दोनदा मागे वळून त्याने त्या पिंपाकडे पाहिलेच.

मोड आणून वाळवलेले जव भरडून पातेल्यात शिजले, त्यांच्या गाळलेल्या पाण्यात हॉप्सची कडवट फुले उकळली. “भाकरी आणि कडुलिंब एकाच चुलीवर ठेवल्यासारखा वास येतोय,” असे म्हणत त्याची पत्नी सुमेधा घरभर खिडक्या उघडत फिरली. पाणी निवल्यावर आधीच धुऊन गुंडाळून ठेवलेल्या नळीने ते बादलीत उतरले, त्यात यीस्ट पडले, झाकण लागले आणि दुसऱ्या दिवसापासून बूच ‘बुडुक, बुडुक’ बोलू लागले. प्रद्युम्न जेवण अर्धवट टाकून ते ऐकायला जाई.

काही दिवसांनी बुडबुडे थांबले. सासरे दुसऱ्या दिवशी यायचे होते. तात्यांना बोलावून प्रद्युम्नाने झाकण उघडले, वाटीभर बिअर काढली, घोट घेतला, आणि त्याची जीभ आक्रसली. त्याने वाटी खाली ठेवली. मग घाईघाईने म्हणाला, “जराशी आंबूस आहे. पण थोडा मध घालू, लिंबू पिळू, बर्फ भरपूर टाकू. चालून जाईल.”

तात्यांनीही घोट घेतला. त्यांनी बादलीची कडी धरली, ती ओढत मागच्या अंगणात नेली आणि सगळीच्या सगळी बिअर मातीत ओतून दिली.

“तात्या!” प्रद्युम्न ओरडलाच. “उद्या बाबा यायचेत! तुम्ही ते पिंप घेऊ दिलं असतंत, तर ही वेळच आली नसती.”

तात्या पायरीवर टेकले. बादली अजून त्यांच्या हातात होती.

“पिंपातही ती आंबलीच असती, बाळा. कुठंतरी धुण्यापुसण्यात कसर राहिली, ती पिंपाला थोडीच कळते? पण एक फरक पडला असता. या साध्या बादलीतली बिअर ओततानासुद्धा तुझा जीव एवढा तुटला. त्या झळाळत्या पिंपातली तू ओतू दिली असतीस? त्यावर एवढा खर्च केलाय म्हटल्यावर तू तिला चांगली म्हणाला असतास, बायकोला म्हणायला लावलं असतंस, आणि सासऱ्यांनी भिडेखातर घशाखाली उतरवली असती. मग चुकलं कुठं, हे तू कधीच शोधलं नसतंस. शिकणाऱ्याच्या हातून चुका व्हायच्याच. त्या त्याला परवडल्या पाहिजेत, म्हणून मी स्वस्तातलं सामान घ्यायला लावलं.”

 प्रद्युम्नाचा राग पुरता निवळला नव्हता. तरी त्याने तात्यांच्या हातातली बादली घेतली आणि नळाखाली धरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे ओसरीवर बसले. ‘गाडी वेळेवर होती’ झाले, ‘ऊन फार आहे’ झाले. मग प्रद्युम्नाने सांगून टाकले, “बाबा, तुमच्यासाठी मी बिअर केली होती. बिघडली. ओतून दिली.”

सासऱ्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

“माझ्यासाठी केली होतीत?” मग ते उठले. “सामान कुठंय? बघू.”

त्यांनी बादली पाहिली, बूच पाहिले. नळी उचलून उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “प्रद्युम्नराव, ही गुंडाळून ठेवलीत ती ओलीच. आत बुळबुळीत थर धरलाय.”

प्रद्युम्नाने वाकून पाहिले. खरेच होते. दोघांनी ती नळी टाकून दिली, नवी आणली, आणि दुसऱ्या सकाळी सासरे बाह्या सरसावून चुलीपाशी उभे राहिले. एकाने ढवळायचे, दुसऱ्याने तापमापकावर लक्ष ठेवायचे. ज्याच्या हाताला काम असते, त्याची जीभ आपोआप सैल होते. पातेल्यात पळी फिरवता फिरवता सासरे एकदम म्हणाले, “लग्नात तुमच्याशी काय बोलावं, ते मला सुचलं नव्हतं. मग दरवेळी वाटायचं, आता इतक्या उशिरा काय सुरुवात करायची.”

“मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही.”

“छे हो,” सासरे म्हणाले, आणि अधिकच जोराने ढवळू लागले.

सासऱ्यांचा मुक्काम लांबला. या वेळची बिअर आंबली नाही. ती बाटल्यांत भरली गेली, मुरली, आणि एका संध्याकाळी तात्यांना बोलावून पहिली बाटली उघडण्यात आली. रंग किंचित गढूळ होता, पण फेस छान धरला होता. सुमेधाने खारे शेंगदाणे आणून ठेवले.

घोट घेऊन कोण काय म्हणते, यासाठी प्रद्युम्न कान टवकारून बसला होता. पण सासऱ्यांना तेवढ्यात एक अस्वल आठवले. मोहाची फुले पोटभर खाऊन ते भर रस्त्यात जीपपुढे आडवे झाले होते आणि भोंगा वाजवला की नुसती कूस बदलत होते. सासऱ्यांनी ते घोरून दाखवले. तात्यांना ठसका लागला, सुमेधा वडिलांकडे डोळे विस्फारून पाहत राहिली, आणि प्रद्युम्न पोट धरून हसला.

हसू ओसरल्यावर त्याने पाहिले, सगळ्यांचे ग्लास रिकामे झाले होते. बिअर कशी झाली, हे कुणी सांगितलेच नव्हते. आणि त्यालाही ते विचारावेसे वाटले नाही. तो उठला आणि दुसरी बाटली आणायला आत गेला.