दोन जावांचं तूप

एका गावात एका घरी दोन जावा नांदत होत्या. थोरलीच्या कामाचा झपाटा मोठा, धाकटी मात्र सगळं सावकाश करणारी. गावदेवीच्या उत्सवाला नैवेद्याचं तूप याच घरातून जायचं, आणि गेली अकरा वर्षं ते थोरलीच्या हातचं जात होतं. यंदा सासूबाई म्हणाल्या, की दोघींनीही तूप कढवा. जिचं चांगलं होईल तिचं देवीला जाईल.

हे ऐकलं आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. धाकटीच्या तुपाला रवा धरायचा, कसा अगदी जाड, टपोरा. थोरलीचं तूप चवीला कमी नव्हतं, पण रवा म्हणाल तर नावालाही नाही.

त्या दिवशी धाकटीने मंद आचेवर लोणी कढवलं, तूप गाळलं, पातेलं घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं आणि ती धुणं घेऊन नदीवर गेली. तूप जितकं हळू निवेल तितका रवा मोठा, एवढंच तिचं गुपित, आणि तेही तिने कधी लपवलं नव्हतं. थोरलीला ते पटायचं. पण तसं करायचं म्हणजे धाकटीकडून शिकायचं, आणि ते काही तिच्याने होईना.

थोरलीने आपलं लोणी कढायला ठेवलं आणि लवकर व्हावं म्हणून चुलीत चार लाकडं जास्त सारली. मग धाकटीचं पातेलं उचललं आणि परसातल्या हौदाच्या गार पाण्यात नेऊन ठेवलं. तूप थिजलं ते मेणासारखं गुळगुळीत, रव्याचा एक कण नाही. तिला इतकं बरं वाटलं, की ती तिथेच बघत बसली.

घरातून करपल्याचा वास आला तेव्हा ती पातेलं उचलून घरात धावली आणि ते होतं तिथे ठेवलं. तिचं स्वतःचं तूप काळं पडलं होतं.

धाकटी परतली. पातेलं ओलं, तूप गुळगुळीत. तिने तूप निखाऱ्यांवर वितळवलं आणि पातेलं पुन्हा घोंगडीत गुंडाळलं. थोरलीनेही घाईघाईने आपलं तूप गाळलं, दुसरी घोंगडी शोधली आणि पातेलं तस्संच उबेला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाहावं तर दोन्ही पातेल्यांत छान रवा. थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण सासूबाईंनी तिचं तूप बोटावर घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं. नैवेद्याला धाकटीचं तूप गेलं.

थोरलीला राहवेना. "तुझं पातेलं पाण्यात मीच ठेवलं होतं," ती म्हणाली. "पण तुझं काही बिघडलं नाही ना? रवा आला की परत."

"रवा आला, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "पण इतके दिवस मी पातेलं तुमच्या भरवशावर टाकून नदीवर जात होते. आता जाववणार नाही."

थोरलीने तिचा हात धरला, माफी मागितली. धाकटीने माफही केलं. पुढच्या वेळी लोणी कढवलं तेव्हा मात्र ती तूप निवेपर्यंत पातेल्याजवळून हलली नाही.

तात्पर्य: थिजलेलं पुन्हा वितळवता येतं, करपलेलं पूर्वीसारखं होत नाही, आणि मत्सराच्या आचेवर विश्वास सगळ्यांत आधी करपतो.