मंजुळाच्या नाकाचा डबा

वेशीपर्यंत डांबर पोचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. वीटभट्टीवर मंजुळा नावाची पिकअप गाडी विटा वाहायची. तिथं धुरळा फार, म्हणून तिच्या मालकानं, सखाहरीनं, तेलाचा डबा कापून त्यात काथ्या अन् धोतराचा तुकडा बसवला होता. मंजुळा त्या डब्यातूनच श्वास घ्यायची. सखाहरी रोज सकाळी ते धोतर झटकून द्यायचा.

"काय गं, नाकाला डबा बांधून कुठं निघालीस?" भट्टीवरचा ट्रॅक्टर हसायचा.

मंजुळाला लाज वाटायला लागली. मग डबा निघावा म्हणून चढावर ती मुद्दाम धापा टाकू लागली. "दमतेस गं बाई माझी," म्हणत सखाहरीनं शहरातून लालभडक विकतचा फिल्टर आणून डब्याच्या जागी बसवला. मंजुळा अशी गरजली, की ट्रॅक्टरनं हसणं सोडून तिला वाट दिली. वाढलेला आवाज तिला ताकद वाटला.

दिवाळीपर्यंत तिला खरोखरची धाप लागली. मिस्त्री म्हणाला, "धुरळ्यानं इंजिन खाल्लं. आता अर्धाच माल भरा."

"धुरळा अडवला का नाहीस रे?" मंजुळा फिल्टरवर चिडली.

"बाई, मी डांबरी रस्त्यासाठी घडलो. माझी जाळी विरळ. मला विचारलं कुणी?" तो कळवळून म्हणाला.

सखाहरीनं डबा परत बसवला अन् तो तिच्या बॉनेटवरून हात फिरवत राहिला. "माझंच चुकलं गं. मीच तुझं वाटोळं केलं."

खरं काय ते सांगायला मंजुळानं तोंड उघडलं. सखाहरीला ऐकू आली ती नुसती धाप.