येसबाचा ओळंबा

पळसवण्याच्या नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी. किती जुनी ते कुणी धड सांगत नाही, आणि जे सांगतात त्यांचं एकमेकांशी जुळत नाही.

त्या काळी धारराव देशमुखांना नदीच्या अंगाला घर बांधायचं होतं. काळ्या दगडाचं जोतं, अठ्ठावीस खण, असा बेत. त्यासाठी त्यांनी येसबा गवंड्याला बोलावून घेतलं. येसबाचा पाच परगण्यांत लौकिक होता, पण जिवाला स्वस्थता नव्हती. एकदा बसवलेला दगड तो तीनदा तपासायचा. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं शिशाचं वजन, भिंतीशी सोडायचा आणि ते स्थिर होईपर्यंत श्वास धरून उभा राहायचा. असं म्हणतात, येसबानं ओळंबा सोडला की वारासुद्धा पडायचा.

येसबा आला तेव्हा गाव रिकामं होतं. धारराव सोडून बाकी सगळे डोंगरावरच्या देवाच्या जत्रेला नऊ दिवसांसाठी गेले होते. त्यानं खुंट्या ठोकल्या, सुतळी काढली. जागेच्या मधोमध, वरच्या माळवस्तीकडून नदीकडे उतरणारी एक पायवाट होती. ही कुणाची, असं त्यानं विचारलं. धारराव म्हणाले, शेरडांची. येसबाला ते पटलं नाही. शेरडांची वाट इतकी सरळ नसते, इतकी खोल तर नाहीच. पण दुसरं विचारायला गावात कुणी नव्हतं आणि मुहूर्त टळत होता. त्यानं सुतळी वाटेवरून ताणली.

दहाव्या दिवशी माळवस्तीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. पुढे साळाक्का, साठी उलटलेली. सुतळीपाशी ती थांबली, लुगडं जरा वर धरलं आणि ओलांडून गेली. येताना भरल्या घागरींसकट पुन्हा ओलांडली, आणि येसबासमोर उभी राहिली.

"बाबा, दोरी हाय म्हणून ओलांडली. भिंत कशी ओलांडू?"

बाभळवनाकडून वळसा आहे, थोडाच लांब पडेल, असं येसबा पुटपुटला.

"थोडा म्हंजी किती?"

जन्मभर त्यानं सगळं मोजलं होतं, तेवढंच राहिलं होतं.

"घागर घिऊन मोज," साळाक्का म्हणाली. "मोकळ्या मानेनं मोजलंस तर कमीच भरंल."

दुसऱ्या दिवशी येसबानं खरंच दोन भरल्या घागरी डोक्यावर घेतल्या आणि बाभळवनाची वाट धरली. ही नवी सून कुणाच्या घरची, असं विचारत बायका हसून हसून मागे राहिल्या. माळावर पोचला तेव्हा वरची घागर अर्धी रिकामी होती आणि दोन्ही टाचांत काटे होते. सरळ वाटेच्या चौपट अंतर भरलं. मग कुणी हसलं नाही.

येसबानं वाट सोडण्याविषयी धाररावांना विनवलं. धारराव म्हणाले, ज्यांना आमच्या ओसरीवर पाय ठेवायची मुभा नाही, त्या बायका आमच्या देवघरासमोरून जाणार? येसबा मान खाली घालून परतला. पाया भरला, जोतं उठलं, भिंती कमरेपर्यंत आल्या. बायका बाभळवनातून जाऊ लागल्या.

आणि ओळंबा हलू लागला.

वारा नसायचा. बाकी भिंतींवर वजन काटेकोर उभं राहायचं. जिथं खाली वाट गाडली होती, तिथंच ते डुलायचं. सकाळी आणि तिन्हीसांजेला. आपलाच हात कापतो की काय, आपली नजर गेली की काय, म्हणून येसबानं दोरी दुसऱ्यांच्या हातात दिली. तरी तेच. दिवसभर बांधलेली भिंत सकाळी झुकलेली दिसायची. असं म्हणतात, ती तीनदा पाडली आणि तीनदा बांधली.

चौथ्या वेळी येसबा स्वतःच त्या जागी उभा राहिला. "सरकार, इथं भिंत हवी असेल तर माझ्यासकट बांधा."

गवंड्यांनी थाप्या खाली ठेवल्या. दोन दिवस तो तसाच उभा. साळाक्का नदीवर आली की तिथं येऊन त्याला ओंजळीनं पाणी पाजायची. तिसऱ्या दिवशी धारराव तणतणत आले. म्हाताऱ्या, तुझाच हात थरथरतोय, असं म्हणत त्यांनी दोरी हिसकावून घेतली. ओळंबा त्यांच्याही हातात डुलू लागला. त्यांनी मनगट दुसऱ्या हातानं आवळलं, तरी थांबेना.

तेवढ्यात कुणाची तरी नजर बाभळवनाकडे गेली. बायकांची रांग माळाकडे चढत होती, पुढे साळाक्का. तिचं पाऊल पडलं की वजन इकडे, दुसरं पडलं की तिकडे. चढावर तिला धाप लागली, ती दगडावर टेकली. ओळंबा थांबला. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि ओळंबा पुन्हा हलला.

धाररावांनी दोरी येसबाच्या हातात परत दिली.

"दार ठेव," ते म्हणाले. "पण आतून कडी हवी."

"चौकट बसवतो, सरकार. कडीला दाराची फळी लागते, ती मी बसवणार नाही."

"मग जोत्याच्या दगडावर गवंडी म्हणून तुझं नाव कोरलं जाणार नाही."

येसबानं मान डोलावली.

समोर एक आणि मागे एक, अशा दोन चौकटी बसल्या. त्यांतून पहिल्यांदा साळाक्का पलीकडे गेली. येसबानं मागच्या चौकटीला ओळंबा टांगला, तो स्थिर झालेला पाहिला, आणि हात धुवायला नदीवर गेला तो परत आला नाही. कुणी म्हणतं, नावेतून पैलतीरी गेला. कुणी म्हणतं, अजून कुठल्या तरी गावाचा वळसा मोजत फिरतो आहे. दोन्ही खरं असेल.

देशमुखांचं घर आजही नांदतं आहे. दोन्ही बाजूंच्या खोल्यांना कड्या आहेत, मधल्या चौकटींना अजून दार नाही. माळवस्तीत नळ येऊन किती वर्षं झाली, तरी जत्रेनंतरच्या दिवशी बायका भरल्या घागरी घेऊन त्या घरातून जातात, आणि देशमुखांची सून घागरीला हात लावायला उभी असते.

आणि पळसवण्यात कुणीही घर बांधायला काढलं की गवंडी सुतळी ताणण्याआधी येसबाच्या नावानं भरली घागर डोक्यावर घेतो, जागेला वळसा घालतो आणि वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारतो, "आक्का, तुमची वाट कुठून?"

तिची वाट तिथून नसतेही. तरी ती सावकाश सगळ्या जागेवर नजर फिरवते, कधी मुद्दाम वेळ लावते. ती बोलेपर्यंत गवंडी घागर उतरवत नाही.