चुंबळीची खिंड

खिंडीच्या तोंडाशी हा कमरेएवढा दगड दिसतोय ना, त्यावर बसू नका. सावलीत बसा. त्याच्यावर ती कापडाची चुंबळ ठेवलीय, तिलाही हात लावू नका. डोईवर ओझं घ्यायचं तर खाली चुंबळ हवीच, नाहीतर टाळू सोलून निघते. तुम्हा मोटारवाल्यांना काय ठाऊक म्हणा! ऐका.

फार मागं, म्हणे, इथं दगड नव्हता, नुसती सपाट माती. कोकणातून वर येणारा आणि घाटावरून खाली जाणारा, सगळ्यांचीच ओझी डोईवर. दुष्काळाचं साल. माणसं नुसती खेकसत चालायची. एकाच्या कपाळाला आठी, की समोरून येणाऱ्याच्या कपाळाला दोन.

अशा दिवसांत गोजाई नावाची बाई हा घाट चढत होती. वरच्या गावात तिची लेक दिवस भरून बसली होती. लेकीचं पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. "आई, तू ये, नाहीतर माझं काही खरं नाही," असा तिचा निरोप. लेकीच्या घरात दाणा नाही, म्हणून गोजाईनं तांदूळ, तूप, डिंक असं सारं पाटीत भरलेलं. जीव नुसता टांगणीला लागलेला.

खिंडीत एक म्हातारा घोंगडीवाला बसला होता. दम खायला गाठोडं खाली ठेवलं आणि फसला. जड ओझं एकट्याला डोईवर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. आणि दुसऱ्यानं हात लावायचा तर आधी स्वतःचं ओझं खाली ठेवावं लागतं. मग त्याला कोण उचलून देणार? म्हणून सकाळपासून सगळे मान फिरवून गेले होते.

गोजाईही चार पावलं पुढं गेली. असं सांगतात, की तिथं तिचा पायच निघेना. ती मागं फिरली आणि तिनं पाटी उतरवली.

म्हातारा म्हणाला, "अगं बाई, हे काय केलंस? थांब, आधी तुझीच पाटी देतो डोईवर."

"आणि तुम्ही?"

म्हाताऱ्यानं आपल्या गाठोड्याकडं बघितलं.

"उठा बाबा, नका वेळ घालवू," ती म्हणाली. त्याची चुंबळ विरून चिंध्या झालेली, म्हणून तिनं स्वतःची दिली आणि गाठोडं चढवून दिलं. म्हातारा हसत हसत घाट उतरला. गोजाई मात्र पाटीशेजारी बसून रडली. माझ्या लेकीचं काय होईल, हाच घोर.

खालून बाळोजी मीठवाला चढत होता. महाखवीस! सख्ख्या भावाशी सरळ बोलायचा नाही. त्याला म्हातारा भेटला आणि म्हणाला, "वर एक माउली अडकलीय रे, माझ्यापायी." त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात काय होतं देव जाणे. बाळोजीनं खिंडीत येऊन मिठाचं पोतं धाडदिशी टाकलं, पदराची चुंबळ करून बसलेल्या गोजाईला पाटी दिली आणि म्हणाला, "पळ बाई. माझं बघू." आणि स्वतः बसला.

गोजाई पळाली. वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेली, "खिंडीत मीठवाला बसलाय हो!" ती उंबऱ्यात पोचली आणि घटकाभरात नात जन्मली, खणखणीत रडत.

पण खिंडीतलं थांबलं नाही. बाळोजीला कुंभारानं हात लावला, कुंभाराला तेल्यानं. दिवसभर एक उठे, एक बसे. आणि उठलेला प्रत्येक जण हसत गावात शिरे, त्याला बघून दुसरा हसे. दुष्काळात म्हणे त्या दिवशी पहिल्यांदा गाव हसलं.

उन्हं कलली. वाट रिकामी झाली. नातीला मांडीवर घेतलेली गोजाई एकदम दचकली. "अगं, शेवटचा कोण? तो तिथंच असेल की!"

ती उठली. तिच्यामागं बाळोजी उठला, कुंभार उठला, दमलेलं सगळं गाव खिंडीकडं निघालं.

खिंडीत कोणी नव्हतं. सकाळच्या सपाट जागेतून हा दगड वर आला होता, बरोबर कमरेएवढा. एकट्या माणसानं ओझं टेकवावं, वाकून खाली शिरावं आणि उठावं, असा. आणि त्यावर होती गोजाईची चुंबळ, जी घेऊन म्हातारा सकाळीच खाली गेला होता.

बाळोजीनं हात जोडले. कोणी म्हणतात, म्हातारा देव होता. कोणी म्हणतात, भुईलाच दया आली. मी कोण सांगणारा?

आजही ती जागा बिनचुंबळीची नसते. ज्याची विरते तो इथली नेतो आणि परतताना नवी ठेवतो. दगडानं एकट्यानं ओझं उचलायची सोय केली खरी, पण आजही इथं कोणी एकट्यानं उचलत नाही. दगडावर ओझं टेकवायचं आणि माणसाची वाट बघायची.

ती बघा, करवंदांची पाटी टेकवून उभी आहे ती बाई. केव्हाची तुमच्याकडं बघतेय. गोष्ट संपली. उठा आता, लावा हात.