म्हसोबा कुठं गेला?

मोडलेल्या जुन्या सडकेच्या जागेवरूनच नवी रुंद सडक काढायला आलेल्या साहेबानं लाल निशाणं रोवली ती थेट धुरपदाच्या विहिरीवर. विहीर बुजली की मळा वाळलाच! तिला धड बसवेना, धड उभं राहवेना.

“जुनी सडक इथूनच होती, साहेब. माझ्या बागेतून कधीच नव्हती,” इनामदार मिशी पिळत म्हणाले.

धुरपदा पदर खोचून पुढं झाली. “इनामदार, तुमच्या लग्नाच्या वरातीनं सडकेवरच्या म्हसोबाला नारळ फोडला होता ना?”

“फोडला तर! गाडीतून न उतरता फोडला. त्याला चुकवून कुणाची वरात गावात शिरलीय, धुरपदे?”

“मग तो म्हसोबा आज तुमच्या बागेत कसा? देव चालत गेला, का सडक?”

इनामदारांची मिशी खाली आली. साहेब निशाणं उपटून बागेकडं वळला, तेव्हा कुठं धुरपदा विहिरीच्या काठावर टेकली.