पुनाजीतात्यांची सुई

“पण तात्या, ही सुई कशाला?”

पुनाजीतात्यांनी टोपीच्या घडीतून सुई काढली होती. मागोमाग पांढऱ्या दोऱ्याची गुंडी काढली आणि दोन्ही टेबलावर पेल्यांच्या शेजारी ठेवली.

सुदिन गावसला हसू आलं. म्हातारा दारू चाखायला आला होता की बटण शिवायला, कोण जाणे.

काजूची दारू गाळावी तर पुनाजीतात्यांनीच, असं सगळी पंचक्रोशी म्हणायची. सुदिन त्यांच्या भट्टीवर तीन हंगाम चेला म्हणून राबला. जळण फोडलं, काजूचे बोंडू तुडवले आणि एक दिवस आपल्याला सगळं आलं असं वाटून निघून गेला. आता त्याचा स्वतःचा कारखाना होता. काचेच्या भिंती, चकचकीत तांब्याची भांडी आणि पाहुण्यांना चव द्यायला हे थंडगार दालन.

सकाळपासून त्याने तात्यांना सगळं फिरवून दाखवलं. तात्यांनी एकेका भांड्यावर हात ठेवून पाहिला.

दारात टेंपो भरून उभा होता. सहाशे बाटल्या. उद्या त्या कोल्हापूरच्या एका हॉटेलात उघडणार होत्या. प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत ‘पहिल्या धारेची’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘गुरू : पुनाजी नाईक’. लेबलं छापूनही झाली होती. तात्यांचा होकार तेवढा बाकी होता, आणि तो मिळणारच हे सुदिनने धरून टाकलं होतं.

“पयली धार खंय ओततंस?” तात्यांनी विचारलं.

सुदिनला तात्यांच्या भट्टीमागचा दगड आठवला. नळीतून पडणारी पहिली करवंटीभर दारू तात्या न चुकता त्या दगडावर ओतत. ही जागेच्या राखणदाराची, असं म्हणत. दगडाभोवती कधी गवत उगवलं नाही.

“वेगळी काढतो,” तो म्हणाला. “मापाने.”

“असां...”

सुदिनने घाईने पेल्यात दोन घोट ओतले. वास घेतला, तोंडात खेळवले, डोळे मिटले.

“आधी बोंडू लागतो, मग वेलची. शेवटी किंचित ओली माती.”

आणि त्याने पितळी भांड्यात थुंकून टाकलं.

तात्या दचकले. “थुकलंस?”

“जाणकार थुंकतातच, तात्या. गिळत बसलो तर दिवसाला दहा पेले कसे चाखणार?”

“मगे गिळतलो कोण?”

“गिऱ्हाईक,” सुदिन म्हणाला, आणि आपल्या हजरजबाबीपणावर खूश झाला.

तात्यांनी सुई बोटांत धरली.

“माझ्या भट्टयेर दर घाण्याच्या तयार मालाचो पयलो पेलो मी पितंय. अख्खो. मगे निजतंय. सकाळी उठान सुयेत दोरो ओवतंय. ओवलो, तर माल भायर जाता.”

“आणि नाही ओवला तर?”

“चाळीस वर्सां ओवतंय.”

तीन हंगामांत हे कधी दिसलं नव्हतं. सुदिन भट्टीवर पोचायचा तोवर ऊन चढलेलं असायचं.

“आता सुया नकोत, तात्या.” त्याने भिंतीकडे बोट केलं. “प्रयोगशाळेचा दाखला आहे. चौकटीत लावलाय.”

“बरा केलंस. टेंपोतली एक बाटली हाड.”

“इथली आहे की...”

“टेंपोतली.”

सुदिन बाटली घेऊन आला. तात्यांनी बूच काढलं. घमघमाट सुटला. त्यांनी पेला काठोकाठ भरला, डोळ्यांना लावला आणि उचलला.

सुदिनची नजर चौकटीतल्या दाखल्याकडे गेली.

दाखला खरा होता. पण प्रयोगशाळेत गेला तो मधल्या धारेचा नमुना. टेंपोतल्या मालात पहिली धार मिसळली होती. गिऱ्हाईक तीच मागतं म्हणून. वासासाठी, थोडीशीच... त्याने किती रात्री स्वतःला समजावलं होतं, एवढ्याशाने कोणाचे डोळे जात नाहीत.

तात्या आता सत्तरीचे. एका डोळ्यात आधीच मोतीबिंदू आलेला.

पेला ओठांना लागला.

“पिव नकात, तात्यानू.”

शहरात कमावलेली भाषा कुठच्या कुठे गेली. सुदिनच्या हाताचा फटका बसला आणि पेला फरशीवर फुटला.

दारू वाहत टेबलाच्या पायापाशी जाऊन थांबली.

सुदिन आपल्याच हाताकडे बघत राहिला. तो हात त्याला विचारून उठला नव्हता. जे त्याने इतके दिवस स्वतःलाही कळू दिलं नाही, ते या हाताला पुरतं ठाऊक होतं.

तात्या रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. वाकून त्यांनी काचा वेचल्या आणि एका बाजूला ठेवल्या. मग सुई उचलून सुदिनच्या तळव्यावर ठेवली.

बाहेर टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला.

“माझो पेलो उडवलंस,” तात्या म्हणाले. “बाकीच्यांचो... कोण उडवतलो?”