ठकूबाईचा चैतमाळ

बसा पाहुणे, टेका जरा. घाट चढून आलात आणि बघा, घाम वाळलासुद्धा. स्वेटर पिशवीतच राहू द्या, इथं तो लागत नाही. खाली कोकणात वैशाखात अंगाची लाही होते. वर कड्यावर आषाढात धुक्यानं चार हातांवरचं माणूस दिसत नाही. पलीकडं देशावर पौषात दातावर दात वाजतात. हा माळ मात्र डोंगराच्या कुशीत असा बसलाय, की बारा महिने इथं चैत्रातल्या सकाळची हवा. म्हणून ह्याचं नाव चैतमाळ. शहरातली माणसं येतात, छाती भरून श्वास घेतात आणि लगेच विचारतात, आम्हाला इथं घर बांधता येईल का हो? येईल की, का नाही येणार! पण त्याआधी ठकूबाईची गोष्ट ऐकावी लागते. ऐकल्यावर निम्मी माणसं उठतात आणि घाट उतरतात.

फार जुनं आहे हे. सन-साल कुणाला ठाऊक नाही आणि आम्ही कधी विचारलंही नाही. तेव्हा ह्या माळावर माणूस नव्हतं. पायथ्याच्या रानात गवळी धनगरांची पाच-सहा खोपटं होती, त्यांतलं एक लखू झोऱ्याचं. म्हशी राखायच्या, दूध-तूप खालच्या गावात घालायचं, एवढंच त्याचं जग. बायको ठकू, त्याच्या सख्ख्या आत्याची लेक. आत्या विधवा होती, तीही ह्यांच्यातच राहायची. ठकू मोठी बोलकी होती म्हणे. म्हशींशी भांडायची, वाटेनं जाणाऱ्याला थांबवून चेष्टा करायची, आणि तिचं हसणं ओढ्याच्या पलीकडं ऐकू यायचं.

लग्नाला चार वर्षं झाली आणि तिला धाप लागली. आधी चढावर लागायची, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. उकाड्यात जीव घाबरा व्हायचा, गारठ्यात छाती घरघरायची. झाडपाला झाला, अंगारा झाला. शेवटी एका म्हाताऱ्या वैदूनं लखूला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, हिला औषध न्हाई. हिला हवा पायजे. ना ऊन, ना गार, अशी. तसली जागा गावली तर ही म्हातारी हुईल. न्हाई गावली तर दोन पावसाळं."

 लखू रडत बसला नाही. वैशाखाचे दिवस होते. त्यानं ठकूला पाठंगुळी घेतलं आणि वरच्या कड्यावर नेलं. काय वारा होता तिथं! ठकू महिनाभर हसत राहिली. मग पाऊस लागला. धुकं तिथं घातलेल्या खोपटाच्या आत शिरलं, चूल पेटेना, अंगावरची घोंगडी सुकेना. ठकू निळी पडली. भर पावसात, निसरड्या वाटेनं लखूनं तिला खाली आणलं. त्या उतारावर ती दोनदा गेलीच होती, असं सांगतात.

पाऊस सरल्यावर त्यानं तिला डोंगरापलीकडं कोरड्या रानात नेलं. तिथं ती सुधारली, चार पावलं चालायला लागली. मग आली पौषाची थंडी. पुन्हा तेच झालं. पुन्हा पाठंगुळी, पुन्हा घर. ह्या खेपेला ती पंधरा दिवस बोलली नाही. ठकू बोलत नाही म्हणजे काय, हे लखूला त्या पंधरा दिवसांत कळलं.

तेव्हा तो वाघजाईच्या देवळात गेला. भंडाऱ्यात हात घालून त्यानं शब्द दिला, "आई, दोनदा मी हिला माज्या उतावळेपणापायी मरणाच्या दारात नेली. आता जागा गावली तरी सगळं ऋतू माज्या डोळ्यानं बघीन. त्याबिगर हिला हलवायचा न्हाई. आन् तवर कुणाला सांगायचाबी न्हाई." प्रेमानंच केला हो त्यानं हा नवस. वाईट माणूस नव्हता तो. म्हणून तर ही गोष्ट सांगताना आमच्या बायका त्याला शिव्या देतात आणि डोळेही पुसतात.

फाल्गुनात एक म्हैस चुकली. तिचा माग काढत लखू ह्या माळावर आला. म्हैस ह्या इथंच कुठंतरी रवंथ करत बसली होती, आणि उठायचं नाव घेईना. लखू तिच्याशेजारी बसला. त्यालाही उठवेना.

आता हवा बरी की वाईट, हे गवळी माणूस नाकानं ठरवत नाही. तो दह्यानं ठरवतो. संध्याकाळी दूध विरजायचं आणि सकाळी बघायचं. उकाडा असला तर दही आंबून पाणी सुटतं, गारठा असला तर लागतच नाही. जिथं ते घट्ट आणि गोड लागतं, ती जागा माणसाला मानवते. तेव्हापासून लखू महिन्यातून दोनदा घरातून विरजण घेऊन निघायचा, माळावर दूध विरजून रात्र काढायचा, सकाळी बोट घालून चाखायचा आणि परतायचा. चैत्रात दही गोड लागलं. वैशाखात सगळं कोकण भाजत होतं, तेव्हाही गोडच. आषाढात कड्यावरून पाऊस कोसळत होता आणि इथं नुसती भुरभुर. दही घट्ट. लखू त्या दिवशी भिजत, एकटाच मोठमोठ्यानं हसला म्हणे.

पण खाली ठकू पहिल्यासारखी हसत नव्हती. नवरा विरजण घेऊन जातो, मुक्काम करून येतो, विचारलं तर बोलत नाही. एकदा ती म्हणालीच, "काय वो, सारखं कुणाला दही चारताय? सवत केलीया जणू."

"गप ग," लखू म्हणाला. त्याला हसू फुटत होतं. मनात म्हणाला, थोडं थांब, मग तूच बघशील. त्यानं मान फिरवली. ठकूला ती मान फिरवलेलीच दिसली. त्यानंतर तिनं सवतीची चेष्टा केली नाही.

श्रावणात ती अंथरुणाला खिळली. भाद्रपदात बसून झोपायला लागली, कारण आडवी झाली की श्वास अडायचा. आत्याला काहीतरी सुगावा लागला असावा. माळाचं गवत लखूच्या घोंगडीला चिकटून यायचं आणि ते गवत खालच्या रानात होत नाही. एक दिवस तिनं लखूचे पाय धरले. सासूनं जावयाचे पाय धरावेत, बघा.

"लखू, तुला जागा गावलीया. खोटं बोलू नगंस. ने माज्या लेकीला."

"आत्ते, नेतो. येवढा हिवाळा बघू दे. दोनदा फसलोय मी."

"आरं, मरायचीच आसंल तर तितं मरू दे!"

"ती मरायची न्हाई," लखू ओरडला. "म्हणून तर थांबलोय."

खरं सांगायचं तर तो नवसाला भीत होता. शब्द मोडला तर वाघजाई ठकूलाच नेईल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. कार्तिकात दही गोड लागलं, मार्गशीर्षातही. राहिला एक पौष. पौषातल्या कडाक्याच्या दिवशी त्यानं दूध विरजलं आणि सकाळी झाकण काढलं. दही वडीसारखं लागलं होतं. लखूनं माळावर लोटांगण घातलं.

तरीही तो लगेच खाली धावला नाही. आजारी बाईला उघड्या माळावर कुठं ठेवायची? त्यानं खोपट बांधायला घेतलं. कूड घातले, वर गवत शाकारलं, भिंती शेणानं सारवल्या. तिला धूर सोसत नाही म्हणून चूल बाहेर घातली. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत, म्हणे, ठकू खाली दर सकाळी आईला विचारायची, आले का? आणि आई म्हणायची, येतील.

दहाव्या दिवशी लखूनं तिला पाठीवर घेतलं. पहिल्या खेपेला ती जड वाटली होती. आता पाठीवर काही आहे का, हे तो मधूनमधून हात लावून बघत होता. आत्या मागून चालत होती. दुपारी ते माळावर पोचले. त्यानं ठकूला खोपटाच्या आत न्यायला पाऊल उचललं, तर ती म्हणाली, "आत नगं. हितं भायेरच बसवा."

त्यानं तिला भुईवर बसवलं आणि पाठीला स्वतःचा आधार दिला. थोड्या वेळानं घरघर थांबली. असं कसं थांबली म्हणून आत्यानं घाबरून तिच्या नाकाशी हात नेला, तर ठकू श्वास घेत होती. सरळ, लांब, लहान पोरीसारखा. दोन वर्षांनी पहिल्यांदा. तिच्या गालावर रंग आला. आत्या तोंडाला पदर लावून रडायला लागली.

ठकूनं विचारलं, "तुमी हितं कवापासनं येताय?"

लखू मोठ्या उमेदीनं सांगायला लागला. फाल्गुनात म्हैस चुकली ते, विरजण, वैशाख, आषाढ, पौषातलं दही, सगळं. अगदी लहान मूल सांगतं तसं. ती ऐकत राहिली.

"म्हंजी वरीस झालं," ती म्हणाली.

लखू बोटांवर महिने मोजायला लागला.

"मला वाटलं, सवत हाय. सवत आसती तर चार शिव्या दिल्या आसत्या. आता तुमाला काय म्हनू?"

ती त्याच्यावर रागावली नाही. त्याचा हात तिनं हातात धरला आणि तसाच धरून ठेवला.  तीन दिवस ती ह्या माळावर होती. तिन्ही दिवस श्वास सरळ होता, पण बाकी सगळं झिजून गेलं होतं. छातीत हवा होती आणि अंगात काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर लखूनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "उशीर झाला का ग, ठके?"

तिचे ओठ हलले. पण ती काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही. लखूनं पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग आत्यानं त्याला मागं ओढलं.

लखू पुढं पुष्कळ जगला. ठकूच्या तेराव्यानंतर तो खाली उतरला आणि खोपटाखोपटांत जाऊन त्यानं सांगितलं, वर जागा आहे, आत्ता चला. कुणी म्हणालं पाऊस बघू, कुणी म्हणालं मुहूर्त बघू, की तो चवताळून उठायचा. लोकांची म्हातारी माणसं, आजारी पोरं त्यानं स्वतःच्या पाठीवर वर आणली. अशी ही वाडी वसली. म्हातारपणीही तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायचा, तुम्हाला काय वाटतं, ती काय म्हणाली असेल? कुणी काय सांगणार! सांगितलं तरी त्याला पटायचं नाही.

आजही चैतमाळावर घर बांधायचं असलं तर आम्ही मुहूर्त बघत नाही आणि आधी पायाही खणत नाही. ना भिंत, ना छप्पर, अशा उघड्या भुईवर घरच्या बाईला आणून बसवतात. नवी नवरी असो नाहीतर दात पडलेली आजी असो. घरचा माणूस तिच्यापुढं बसतो आणि सगळ्या वाडीदेखत विचारतो, "उशीर झाला का ग?" बाईनं म्हणायचं, "न्हाई, येळंवर आनलंत." ती बोलेपर्यंत कुदळ कुणी उचलत नाही. आणि पाहुणे, इतकी लग्नं आणि इतकी घरं झाली ह्या माळावर, भांडून माहेरी गेलेल्या बायकासुद्धा येऊन बसल्या, पण उत्तर द्यायला एकाही बाईनं कधी वेळ लावलेला नाही.